दुरावलेली मुले आणि मैदान

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपली शाळा दरवर्षी हे व्याख्यान योजते, ते व्यायामशिक्षक होते. तरीही आजवर या व्यासपीठावरून संतवाङ्मय, नाट्यसंगीत, श्रीमंत सयाजीरावांचे शिक्षणकार्य, इतकेच काय, ज्वालामुखी या विषयावरही भाषणे झाली; मैदानावर मात्र एकही झाले नाही. यंदा संस्थाचालकांनी मला बोलावले तेव्हा ही उणीव भरून काढावी असे मनात आले. माझा अधिकार विचाराल तर तो नगण्य आहे. शाळेत असताना खो-खोच्या संघात माझी निवड झाली ती बारावा खेळाडू म्हणून, आणि तीसुद्धा अकराच मुले हजर होती म्हणून. पुढे सारे आयुष्य मराठी शिकवण्यात गेले. निवृत्तीनंतर मात्र गेली बारा-तेरा वर्षे मी जवळजवळ रोज संध्याकाळी, गुरुजींच्याच एका शिष्याने चालविलेल्या खो-खोच्या वर्गात, गुणलेखकाच्या टेबलाशी बसतो. तेथे बसून जे पाहिले त्यातला एक धागा मी व्याख्यानासाठी निवडला. घड्याळाकडे पाहत जे गाळावे लागले ते या पुस्तिकेच्या निमित्ताने सविस्तर लिहितो.

विषय थोडा अवघड आहे, आणि श्रोत्यांपैकी काहींच्या घरापर्यंत पोहोचणारा आहे, याची मला जाणीव आहे. आईवडील विभक्त होतात. मूल एकाकडे राहते. सुरुवातीला ते दुसऱ्याची वाट पाहते, मग वाट पाहणे थांबवते, आणि एके दिवशी त्याच माणसाला भेटण्यास ठाम नकार देते. कालपर्यंत ज्याच्या खांद्यावर बसून रथयात्रा पाहिली, त्याच्याविषयी एकही चांगली आठवण आता मुलाजवळ नसते. असे होते तेव्हा कधी त्यामागे खरी भीती असते, आणि कधी कोणीतरी ते मन पद्धतशीरपणे वळवलेले असते. या दुसऱ्या प्रकाराला अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ साली ‘पेरेंटल एलिअनेशन सिंड्रोम’ असे नाव दिले.

मराठीत याला काय म्हणावे? ‘पालक-दुरावा’ हा शब्द सोयीचा आहे, पण दुरावा आपोआपही पडतो. ‘कान भरणे’ फार सौम्य आहे. कान सासूचे भरतात, साहेबाचेही भरतात. मला विचाराल तर आपल्याकडे एक नेमके क्रियापद आहे: ‘फितवणे’. बखरींतून किल्ले फितत, किल्लेदार फितत. आज हाच शब्द न्यायालयाच्या बातम्यांत ‘फितूर साक्षीदार’ म्हणून जिवंत राहिला आहे. फितवलेल्या मुलाच्या वाट्याला या दोन्ही भूमिका येतात. तेच जिंकायचा किल्ला असते आणि तेच साक्षीदार.

हे फितवणे एखाद्या मोठ्या असत्याने क्वचितच होते. फोन आला की ‘तो अभ्यासाला बसलाय’ असे सांगितले जाते. वाढदिवसाला आलेली सायकल ‘पावसात गंजेल’ म्हणून माळ्यावर जाते. आजी काही बोलत नाही, नुसता सुस्कारा टाकते. दुसऱ्या घरून मूल परतले की त्याची झडती सुरू होते: काय खाल्लेस, कोण आले होते, आमच्याबद्दल काय बोलले? मुलाच्या लवकरच ध्यानात येते की तिकडचे वाईट सांगितले की इकडे मांडीवर जागा मिळते. हे वडीलही करतात, आईही करते, आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा तर कित्येकदा या कामी पुढाकार घेतात. मी स्वतः आजोबा आहे, तेव्हा हे लिहिताना मला कोणी पक्षपाती म्हणू नये.

भाषेचा शिक्षक म्हणून मला या मुलांची एक खूण फार लवकर कळली. वर्गात निबंध तपासताना, कोणते वाक्य मुलाचे आणि कोणते बाजारातल्या गाईडमधले, हे शिक्षकाला क्षणात समजते. सातवीतला मुलगा ‘निसर्गाची मनोहारी किमया’ असे लिहू लागला की आपण पेन खाली ठेवतो. फितवलेल्या मुलाचे बोलणे असेच असते. शब्द वयाच्या मानाने मोठे, वाक्य पाठ केल्यासारखे अखंड, आणि ‘म्हणजे काय झाले होते?’ असे विचारले की पुढे काही नाही.

आता कायद्याविषयी थोडे. घटस्फोटाचा विषय निघाला की ‘आमच्या वेळी असे नव्हते’ असे म्हणण्याची पद्धत आहे. बडोदेकरांना ते म्हणण्याची सोय नाही. आपल्या संस्थानात कायद्याला ‘निबंध’ म्हणत, आणि हिंदूंना लग्नविच्छेदाची मुभा देणारा निबंध येथे १९३१ सालीच झाला. देशाला हिंदू विवाह कायद्यासाठी १९५५ पर्यंत थांबावे लागले. मुलाच्या ताब्याबाबत १८९० चा पालक आणि पाल्य कायदा आजही लागू आहे, आणि १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने मुलाचे हित हाच सर्वोच्च विचार मानला आहे. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असेही तोच कायदा सांगतो. फितवण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली विवेक सिंग विरुद्ध रोमानी सिंग या खटल्यात सविस्तर विचारात घेतला. तेथे मुलगी वडिलांकडे वाढली होती आणि आईला परकी झाली होती. न्यायालयाने तिचा ताबा आईकडे दिला. कधीच जिंकता न येणाऱ्या निष्ठेच्या स्पर्धेत असे मूल मधोमध उभे केले जाते, अशा आशयाचे विवेचन त्या निकालात आहे. पुढे २०२० च्या यशिता साहू खटल्यात याच न्यायालयाने म्हटले की दोन्ही पालकांची माया मिळणे हा मुलाचा हक्क आहे आणि ताबा नसलेल्या पालकाला फोनवरून, चित्रफोनवरून संपर्क ठेवता आला पाहिजे.

परंतु येथे एक धोक्याची सूचना दिलीच पाहिजे. गार्डनर यांनी ज्याला आजार म्हटले तो आजार म्हणून वैद्यकशास्त्राने स्वीकारलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली आपल्या रोगवर्गीकरणाच्या सूचीतून ती संज्ञा काढून टाकली. कारणही तसेच आहे. मारहाण करणारा पालक ‘मूल मला भेटत नाही, म्हणजे त्याला फितवले आहे’ असे म्हणून सुटू पाहतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मे २०२४ मध्ये असे बजावले की, अमुक पालक फितवतो असा शिक्का घाईने मारू नये. विशिष्ट वागणुकीचे विशिष्ट प्रसंग दाखवावे लागतील. या शिक्क्याची घाई मी स्वतः कशी केली, ते पुढे सांगणार आहे.

२०१६ चा पावसाळा संपला आणि वर्ग पुन्हा भरू लागले तेव्हा एक अकरा वर्षांचा मुलगा आमच्याकडे दाखल झाला. आई मराठी, वडील गुजराती. आपल्या शहरात असे विवाह आता नवलाचे राहिलेले नाहीत. मुलगा आईबरोबर आजोळी राहत होता आणि प्रकरण कुटुंब न्यायालयात चालू होते. पायाला विलक्षण वेग. खांबावर झेपावून गडी बाद करण्याची कला त्याने दोन महिन्यांत उचलली. पण मधूनच त्याला काहीतरी होई. चौकोनात बसलेला असताना मागून ‘खो’ मिळाला तरी तो उठत नसे. दोनदा, तीनदा असे झाले. मी गुणपत्रिकेवरून मान वर करून पाहिले, तेव्हा कारण समजले. कुंपणाच्या भिंतीपलीकडे, कडुलिंबाखाली, एक गृहस्थ उभे असत. भिंतीवर त्यांचे फक्त डोके आणि हातातला फोन दिसे. ते त्याचे वडील होते.

खो-खो न खेळलेल्यांसाठी सांगतो. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण मधल्या पट्टीवर चौकोनांत बसतात, नववा धावतो. शेजारी बसलेल्यांची तोंडे एकाआड एक विरुद्ध दिशांना असतात. धावणाऱ्याला मागे वळता येत नाही, मधली पट्टी ओलांडता येत नाही. पलीकडे पोहोचायचे तर त्या दिशेला तोंड करून बसलेल्या गड्याला पाठीमागून खो द्यावा लागतो. बसलेल्याने खो मिळण्यापूर्वी उठायचे नाही, आणि मिळाल्यावर क्षणभरही रेंगाळायचे नाही. आयुष्यभर साहित्य शिकवलेल्या माणसाला यातून रूपके काढण्याचा मोह होतो. तो मी आवरतो. आमच्या प्रशिक्षकांनी रूपक काढले नाही. त्यांनी त्या मुलाला फक्त एक चौकोन पुढे सरकवले. त्यासरशी त्याचे तोंड भिंतीच्या विरुद्ध दिशेला झाले. का, हे ना त्यांनी सांगितले, ना त्याने विचारले. तो पुन्हा उठू लागला.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरे झाले असते. पुढच्या मंगळवारी वडील पुन्हा दिसले, आणि मला ज्येष्ठत्वाचा साक्षात्कार झाला. पाणी प्यायच्या सुट्टीत मुलाला जवळ बोलावून मी म्हणालो, “अरे, पप्पा आलेत, दोन शब्द तरी बोल.” तो ताठ उभा राहिला आणि एका दमात म्हणाला, “त्यांनी आमची जबाबदारी झटकली आहे आणि त्यांच्या येण्याने माझा मानसिक छळ होतो.” मी थक्क झालो. हे सरळसरळ गाईडमधले वाक्य होते. माझ्या मनात निदान पक्के झाले आणि त्या आनंदात मी आणखी एक प्रश्न विचारला: “म्हणजे काय केलं त्यांनी?” मुलगा माझ्याकडे पाहत राहिला. त्याचे ओठ हलले, पण शब्द आला नाही. चपला घालून तो फाटकाबाहेर गेला आणि पुढे तीन आठवडे आला नाही.

प्रशिक्षक मला एवढेच म्हणाले, “सर, तुम्ही फक्त गुण लिहा.”

त्यांना राग आला होता, आणि तो योग्य होता. त्या मुलाला घरी प्रश्न विचारले जात, वकिलांच्या कचेरीत विचारले जात, समुपदेशकाकडे विचारले जात, न्यायालयाच्या भेटीच्या खोलीत तर भिंतीही त्याच्याकडे पाहत असाव्यात. दिवसाचे दीड-दोन तास असे एकच ठिकाण होते, जेथे त्याला कोणाच्या बाजूचा आहेस हे सांगावे लागत नव्हते. येथे बाजू नाणेफेकीने ठरे आणि डाव संपला की बदले. मी त्या ठिकाणीही साक्षीचा पिंजरा आणून ठेवला.

मैदानाने या मुलांना नेमके काय मिळते, याचा विचार मी त्या तीन आठवड्यांत प्रथमच गंभीरपणे केला. व्यायामाने मन प्रसन्न राहते वगैरे सर्वांना ठाऊक आहे, त्यात शिरत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की फितवलेल्या मुलाला ‘दुसरी बाजू’ म्हणजे शत्रू एवढेच शिकवलेले असते. मैदानावर ते रोज उलटे पाहते. समोरचा संघ आपल्याला बाद करायला टपलेला असतो, आणि सामना संपल्यावर त्याच संघातला मुलगा आपल्या गुडघ्यावर हळद दाबून धरतो. विरोध आणि वैर या दोन शब्दांतला फरक मी बी.ए.च्या वर्गाला अर्थच्छटा म्हणून शिकवला. हा मुलगा तो गुडघ्याने शिकत होता. शिवाय येथे पंच असतो, आणि त्याचा निर्णय दोघांनाही मान्य करावा लागतो. जेथे दोन मोठी माणसे एकाच घटनेच्या दोन कहाण्या सांगतात, त्या घरातल्या मुलाला, घटना एकच असते आणि तिचा निकाल तिथल्या तिथे लागतो, हा अनुभव किती निवांतपणाचा असेल!

दुसरी गोष्ट म्हणजे घराबाहेरचे एक स्थिर माणूस. एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ विदुषीने हवाई बेटांपैकी कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशके पाठपुरावा केला. ज्यांची बालपणे गरिबी, घरातील कलह, पालकांचे आजार यांनी ग्रासलेली होती, अशांपैकीही सुमारे एक तृतीयांश मुले पुढे सक्षम, जबाबदार माणसे झाली. त्यांच्या बाबतीत जे घटक पुन्हापुन्हा आढळले, त्यांत घरातले किंवा बाहेरचे एखादे खात्रीचे वडीलधारे माणूस हा एक होता: आजी, शिक्षक, शेजारी. आमच्या प्रशिक्षकांनी वर्नरबाईंचे नाव ऐकलेले नाही. पण साडेपाचला फाटक उघडायचे म्हणजे साडेपाचलाच उघडायचे, हे व्रत त्यांनी गुरुजींकडून घेतले आहे. ज्या मुलाला दिलेले शब्द वारंवार मोडलेले पाहायची सवय झाली आहे, त्याला त्या फाटकाचे मोल आपल्याहून अधिक कळते.

आणि हे काही परदेशातून आणायचे ज्ञान नाही. जुम्मादादा या मुसलमान उस्तादांचा आखाडा त्यांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी पुढे चालवला आणि नावारूपाला आणला, ते हेच शहर. हुतूतूचे सुधारित नियम करून हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली अखिल भारतीय सामने भरवले, तेही येथेच. द. चिं. मुजुमदार संपादित दहा खंडांचा ‘व्यायामज्ञानकोश’ बडोद्यात सिद्ध झाला. आखाड्यात आलेल्या मुलाला ‘कोणाचा?’ असे विचारले जाई खरे, पण त्याचे उत्तर उस्तादाच्या नावाने दिले जाई. बापाचे नाव बाहेर चपलांपाशी राही. या जुन्या रीतीत किती शहाणपण होते, हे मला सत्तरी उलटल्यावर कळावे, याला काय म्हणावे! असो.

तीन आठवड्यांनी मुलगा परत आला. प्रशिक्षकांनी घरी फोन केला नव्हता, समजूत घातली नव्हती. संघातल्या दोन मुलांना सायकलवर पाठवून निरोप दिला होता: रविवारी सामना आहे, खांबावर झेपावणारा दुसरा कोणी नाही. निरोप खरा होता, हे महत्त्वाचे. दयेने दिलेली जागा मुले ताबडतोब ओळखतात.

मग त्यांनी वडिलांना गाठले. कडुलिंबाखाली जाऊन ते म्हणाले, “भिंतीआड उभे राहू नका. तुम्ही पाहायला येता, पण पोराला वाटतं पाळत ठेवलीय. यायचं तर फाटकातून या, आणि त्याच्या आईला कळवून या.” आईशी ते वेगळे बोलले. ती आधी संतापली. तिची भीती अशी, की येथे पाय रोवला की उद्या हेच न्यायालयात मांडतील. तिची भीती निराधार म्हणता येणार नाही. अशा खटल्यांत चहाच्या बिलाचाही पुरावा होतो. प्रशिक्षकांनी दोघांनाही एकच शब्द दिला: समन्स आले तर पाहिले ते खरे सांगेन, पण आपणहून कोणालाही कसलाही दाखला लिहून देणार नाही. शेवटी दोन्ही वकिलांमार्फत एक व्यवस्था ठरली आणि ती न्यायालयाच्या नोंदीवर गेली. वडिलांनी फक्त रविवारी सकाळी यायचे, फोनवर चित्रण करायचे नाही, मुलाने हाक मारल्याशिवाय त्याच्याजवळ जायचे नाही. मुलाला आणणे-नेणे आईचेच.

पहिले दोन रविवार ते गृहस्थ बाकावर अवघडून बसले. तिसऱ्या रविवारी प्रशिक्षकांनी त्यांच्या हाती फक्कीचे घमेले दिले. “रिकामे बसू नका, रेषा आखा.” तेव्हापासून दर रविवारी उजाडता ते येत, सुतळी ताणत, वाकून फक्की सोडत, मैदानावर पाणी मारत. सगळ्याच मुलांसाठी ते काम होते. त्यांच्या मुलाने त्या रेषांवरून धावायचे, पण त्यांच्याकडे पाहायचे नाही, असे कित्येक आठवडे चालले. मी गुण लिहीत होतो आणि तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. माझ्या ओळखीच्यांना हे खरे वाटणार नाही.

पाच महिन्यांनी एका सकाळी मुलगा नेहमीपेक्षा लवकर पोहोचला. वडील मधल्या पट्टीची रेषा ओढत होते. तो काही वेळ उभा राहिला आणि म्हणाला, “लाइन वांकी छे.” वडील गुजरातीतून बोलत तेव्हा न्यायालयाच्या खोलीत तो मराठीतच उत्तरे देत असे, किंवा देतच नसे. ‘रेषा वाकडी आहे’ एवढेच ते वाक्य, पण ते वडिलांच्या भाषेत होते आणि त्याचे स्वतःचे होते. रेषा खरोखरच वाकडी होती. वडिलांनी मान हलवली, पायाने फक्की पुसली, आणि सुतळीचे दुसरे टोक मुलाच्या हातात दिले.

त्या दिवशी फाटकाबाहेर स्कूटरवर बसून त्याच्या आईने ते पाहिले होते. पुढे कितीतरी महिन्यांनी ती मला म्हणाली, “सर, घरी जाताना मी त्याला काही विचारलं नाही. जीभ चावून बसले होते.” या साऱ्या हकिकतीत सर्वांत कठीण झेप कोणी घेतली असेल तर ती त्या बाईने, असे माझे मत आहे.

यापुढे चमत्कार झाला असे समजू नये. आईवडील एकत्र आले नाहीत. मुलगा दोनदा पुन्हा रुसला, एकदा वडील चिडून महिनाभर आले नाहीत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने मैदान बंद झाले, तेव्हा दोघे फोनवर बोलत, आणि बोलण्याचा विषय बहुधा खो-खो हाच असे. त्यांच्यापाशी दुसरा सुरक्षित विषय नव्हता. आज तो वीस वर्षांचा आहे. दिवाळी आईकडे करतो, उत्तरायणाला पतंग उडवायला वडिलांच्या गच्चीवर जातो. मधल्या काळात त्याच्यावर समुपदेशनाचेही उपचार झाले, हे सांगितलेच पाहिजे. मैदानाने सारे केले असा दावा मी करणार नाही. मैदान औषध नाही. औषध लागू पडेपर्यंत रोग्याला बसायला ओसरी लागते, तेवढे ते आहे.

आता कबूल केलेली दुसरी गोष्ट. २०१९ साली तेरा वर्षांची एक मुलगी वर्गात होती. तिचे वडील मिठाईचा पुडा घेऊन फाटकाशी येत, अत्यंत नम्रपणे बोलत. मुलगी त्यांना पाहताच साहित्याच्या खोलीत जाऊन बसे. पहिल्या अनुभवाने शहाणा झालेला मी मनात म्हणालो, हीही फितवलेली. प्रशिक्षकांना तसे सुचवलेही. ते म्हणाले, “ती कशी बोलते ते ऐकलंत का?” मी ऐकले नव्हते. ती तुटक बोले. मोठा शब्द एकही नसे. पट्टा काढतानाचा आवाज, स्वयंपाकघराच्या दाराची कडी, कोणत्या वारी काय झाले, असले बारीकसारीक तपशील तिच्या तोंडून अवचित निसटत आणि ती गप्प होई. गाईडमधले त्यात काहीच नव्हते. प्रशिक्षकांनी त्या गृहस्थांना फाटकाबाहेरच थांबवले. नंतर कळले, की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आईला न्यायालयाने संरक्षणाचा आदेश दिलेला होता. त्याची प्रत आमच्याकडे नव्हती, कारण आम्ही कधी मागितलीच नव्हती. माझ्या भाषेच्या कानावर माझा फार विश्वास होता; त्या दिवसापासून मी तो विश्वास बेताने वापरतो. कोणते मूल फितवलेले आणि कोणते भ्यालेले, हे ठरवणे गुणलेखकाचे काम नाही, आणि प्रशिक्षकाचेही नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकजण आज सोसायट्यांतून, मंडळांतून मुलांचे खेळ चालवतात. त्यांनी व्याख्यानानंतर विचारले की आम्ही करावे तरी काय. नियमावली देण्याची माझी योग्यता नाही. आमच्याकडे काय चालते ते सांगतो. प्रवेशाच्या नोंदवहीत आई आणि वडील यांचे दोन स्वतंत्र रकाने आहेत, पत्ते आणि फोन वेगळे. न्यायालयाचा आदेश असेल तर त्याची प्रत घेतली जाते आणि मुलाला कोण नेणार ते त्याप्रमाणे ठरते. फी कोणी भरली यावरून कोणाचा हक्क वाढत नाही. हे लिहावे लागते, कारण पावती फडकावत आलेले पालक आम्ही पाहिले आहेत. मुलामार्फत कोणीही निरोप पाठवायचा नाही, चिठ्ठीदेखील नाही. प्रशिक्षक मुलाला घरचे काही विचारत नाहीत. मुलाने आपणहून सांगितले तर ऐकतात आणि त्यावर मत देत नाहीत. याला अपवाद एकच. अंगावर वळ दिसले, किंवा लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर गप्प बसणे हा गुन्हा ठरू शकतो. लैंगिक अत्याचाराबाबत २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याने माहिती असणाऱ्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळवण्याची जबाबदारी टाकली आहे, आणि ती प्रशिक्षकावर आहे तशीच सत्तरीतल्या गुणलेखकावरही आहे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार भारताने १९९२ साली मान्य केला. त्याच्या नवव्या कलमात दोन्ही पालकांशी संबंध राखण्याचा मुलाचा हक्क आहे आणि एकतिसाव्यात खेळण्याचा. पण नवव्या कलमातच, मुलाच्या हिताला बाध येत नसेल तर, अशी अट घातलेली आहे. आम्ही फाटकाशी तीच अट पाळण्याचा प्रयत्न करतो.

गेल्या डिसेंबरात आमच्या संघाने एक स्पर्धा जिंकली. संघाचे छायाचित्र निघाले. बारा मुले होती, आणि प्रशिक्षकांनी पंधरा प्रती सांगितल्या. छायाचित्रकार तरुण होता. हिशेब चुकला असेल असे वाटून त्याने आदराने पुन्हा विचारले, “बारा ना, सर?”

“पंधरा,” प्रशिक्षक म्हणाले, आणि साहित्याच्या खोलीला कुलूप लावायला गेले.